दोष क्रमांक २१७ चा तोडगा

१

माझं काम चुका लिहून ठेवायचं आहे. करायचं नव्हे, असं मी पाहुण्यांना सांगते, आणि सतरा वर्षं ते खरंही होतं.

अम्मानमधल्या आमच्या कंपनीत सर्व्हरच्या नेटवर्क कार्डांचं फर्मवेअर लिहितात. कार्ड म्हणजे सर्व्हरची ती पट्टी जिच्यातून केबल निघून दुसऱ्या यंत्राकडे जाते, आणि फर्मवेअर म्हणजे त्या पट्टीच्या पोटातली अक्कल. दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. तिच्यासोबत मी एक पुस्तिका काढते: 'ज्ञात दोष आणि तोडगे'. दोषाला क्रमांक, दोन ओळींत वर्णन, एका ओळीत तोडगा. नमुना सांगते. दोष १४०: कार्ड फार तापलं तरी दिवा हिरवाच राहतो. तोडगा: दिव्यावर विसंबू नये, हात लावून पाहावं.

एवढंच. का होतं ते लिहायचं नाही. ते माहीत असतं तर दोषच उरला नसता.

या पुस्तिकेत क्रमांक २१७ माझ्याही आधीपासून आहे. आमचं कार्ड केबलची लांबी सांगू शकतं. एक लहानसा ठोका केबलमधून पाठवतं, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि आकडा देतं. तळघरातल्या चाचणीच्या खोलीत, शेवटच्या म्हणजे नवव्या रांगेत, ते दोन मीटरच्या केबलला कधी चार मीटर म्हणायचं, कधी नऊ. हे झालं वर्णन. तोडग्यात दोन वाक्यं होती. पहिलं: 'आकडा ग्राह्य धरू नये.' दुसरं: 'नवव्या रांगेत काम चालू असताना एका व्यक्तीने दाराशी उभे राहून बोलत राहावे.'

दुसरं वाक्य कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मला ते लहान मुलाच्या अंगात मोठ्याचा कोट घातल्यासारखं दिसायचं. फर्मवेअरचा आणि बोलण्याचा काय संबंध?

पण तळघर सांभाळणारे अबू दालिया ते वाक्य पाळायचे. दाराशी उभं राहायला बहुतेक मलाच बोलावायचे, कारण, त्यांच्या मते, वीज न लागता इतका वेळ चालणारं दुसरं यंत्र इमारतीत नव्हतं.

२

अबू दालियांना मुलगा नाही. आमच्याकडे बापाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, 'अबू' म्हणजे 'अमक्याचा बाप'; मुलगा नसला तर लोक एखाद्या न झालेल्या मुलाचं नाव चिकटवतात. यांनी ते कधी चालू दिलं नाही. एकच मुलगी, दालिया, आणि मी तिचा बाप, संपलं. बायको गेली तेव्हा दालिया सहा वर्षांची होती. ते तिला तळघरात घेऊन यायचे, आणि ती माझ्या खुर्चीत बसून माझ्याच पेनांनी माझ्या कागदांवर मांजरं काढायची.

आता त्याच दालियाची जाहा, म्हणजे मागणीची बैठक, ठरली होती, येत्या गुरुवारी, असरच्या म्हणजे कलत्या दुपारच्या नमाजानंतर. मुलाकडची वडीलधारी मंडळी येणार, त्यांच्यापुढे कॉफी ठेवली जाणार आणि कुणीही कप उचलणार नाही. मग त्यांच्यातला मोठा उठून मागणी घालणार. मुलीच्या बापाने 'घ्या, कॉफी प्या' म्हटलं की ठरलं. अबू दालियांना ना भाऊ, ना मुलगा. ते तीन शब्द म्हणायला घरात ते एकटेच.

"मी आरशासमोर सराव करतो," ते नवव्या रांगेतून ओरडून सांगायचे. पंख्यांच्या घोंघाटात ओरडावंच लागतं. "पण दर वेळी तोंडातून 'तुम्हाला काय काम आहे?' असंच निघतं."

"तेच म्हणा," मी दारातून ओरडायचे. "निदान ती मंडळी खरंच मागणीला आलीत की नाही ते कळेल."

३

मागच्या आठवड्यात खल्दून माझ्या टेबलावर येऊन बसला. टेबलाजवळ नाही, टेबलावर. तो फर्मवेअर लिहिणाऱ्यांतला मुख्य.

"तुझा लाडका गेला," तो म्हणाला. "दोनशे सतरा. दुरुस्त."

"कसा दुरुस्त केलास?"

"केबलवर छापलेल्या लांबीपेक्षा मोठा आकडा आला तर कार्ड तो दाखवणारच नाही. छापील आकडा दाखवेल."

"म्हणजे तू त्याचं तोंड बंद केलंस."

"दोन मीटरची केबल आता दोन मीटर दिसते की नाही? मग झालं तर."

माझी खोड अशी, की एखादी गोष्ट जाण्याआधी तिला उलटून पालटून बघावंच लागतं. मी जुनी मोजमापं मागवून घेतली. सतरा-अठरा वर्षांचे आकडे. तीन, पाच, चार, नऊ. फक्त एका दिवशी, बऱ्याच वर्षांपूर्वी, आकडा एकसष्टवर गेला होता. त्यानंतरच्या पहिल्याच पुस्तिकेत बोलत राहण्याचं ते वाक्य पहिल्यांदा दिसलं. लिहिणाऱ्याच्या रकान्यात नाव नव्हतं.

मी ते पाहिलं. नवल वाटलं. आणि तरीही मी नियमाप्रमाणे वागले. दोष दुरुस्त झाला की तो 'ज्ञात' यादीतून 'दुरुस्त' यादीत जातो, आणि दुरुस्त यादीत तोडगा नसतो. दुखणंच नाही तर औषध कशाला? मी दोन्ही वाक्यं निवडली आणि पुसली. खरं सांगायचं तर दुसरं पुसताना बरं वाटलं, दातात अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखं.

तळघरातल्या कामाची चिठ्ठी माझ्या पुस्तिकेवरूनच निघते, हे मला ठाऊक होतं. तोडग्यात दोन माणसं असली तर चिठ्ठीवर दोन नावं. तोडगाच नसला तर एक.

४

बुधवारी सकाळी नवव्या रांगेतल्या केबल बदलायची चिठ्ठी निघाली. तिच्यावर एकच नाव होतं. अबू दालिया माझ्या टेबलासमोरून जाताना चिठ्ठी हलवत म्हणाले, "तुला सुट्टी दिली गं त्यांनी."

"मी येऊ का? सवयीने?"

"तू तुझी कामं कर. उद्या माझ्याकडे लवकर यायचंय, लक्षात ठेव. दालियाला केसांचं कुणीतरी बघायला हवं. मी फक्त वेणी घालतो, आणि तीही वाकडी."

तासाभराचं काम. दीड तास झाला. त्यांच्यासाठी ठेवलेला सेजच्या पानांचा चहा गार झाला, त्यावर साय धरावी तसा पापुद्रा आला. जाहाच्या आदल्या दिवशी माणूस रेंगाळणार नाही, एवढं मला कळत होतं. मी खाली गेले.

खोली चौतीस फरश्या लांब आणि अठरा रुंद आहे. जमिनीखाली पोकळी ठेवून वर साठ सेंटिमीटरच्या फरश्या बसवल्या आहेत, म्हणून मोजायला सोपी. वीस मीटर लांब, अकरा मीटर रुंद. सर्व्हरची कपाटं आडव्या रांगांमध्ये उभी आहेत. दारातून नवव्या रांगेचं फक्त तोंड दिसतं, आतली माणसं दिसत नाहीत. दार उघडलं की थंड वारा आधी घोट्यांना लागतो.

काम करणाऱ्याला हाक मारायची आमची एक रीत आहे. "अल्ला तुम्हाला ताकद देवो," मी दारातून ओरडले.

याला उत्तर ठरलेलं असतं आणि ते कुणीही लगेच देतो. भांडण चालू असलं तरी देतो. हाक आणि उत्तर यांच्यात श्वासाचंही अंतर नसतं.

पंखे घोंघावत होते. मी सेकंदाचा एक आकडा मोजला. दुसरा मोजला.

"तुलाही देवो, मैसून."

आवाज त्यांचाच. स्पष्ट. पण लहान झालेला.

५

मला वाटलं ते कामात असतील. मी पुन्हा ओरडले, "संपलं का?"

दोन आकडे. "संपलं कधीच. येतोच आहे."

"मग या ना."

दोन आकडे. "तेच करतोय. चालतोय."

मी घाबरले नव्हते. आज हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा हिशोब आला. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. जायला एक सेकंद, यायला एक. म्हणजे ते माझ्यापासून तीनशे चाळीस मीटरवर होते. वीस मीटरच्या खोलीत.

मी फोनवर खल्दूनला गाठलं. "नवव्या रांगेतल्या एका कार्डावर जुनं फर्मवेअर परत चढव."

"आता? कशाला?"

"खल्दून, उगाच फाटे फोडू नकोस. चढव आणि लांबी वाच."

तो कुरकुरला. चार मिनिटं लागली. तेवढा वेळ मी गप्प होते, त्याच्या कीबोर्डची टकटक ऐकत.

"हे काय," तो म्हणाला. "तीनशे साठ. नाही, बासष्ट. मैसून, हा वाढतोय."

"अबू दालिया!" मी ओरडले. "ऐकू येतंय ना?"

या वेळी दोनपेक्षा थोडं जास्त मोजलं. "आत्ता येतंय. मध्ये तू गेली होतीस का? मला दिशाच कळेना."

"थांबला," खल्दून म्हणाला. "एकसष्ट. साठ. तू काय करतेयस तिथे?"

"बोलतेय," मी म्हटलं.

६

मग मी बोलत राहिले. फोन एका कानाला, तोंड दाराकडे. मी बोलले की आकडा उतरायचा. श्वास घ्यायला थांबले की जागच्या जागी डुलायचा, आणि जरा जास्त थांबले की चढायचा. मी हे तीनदा करून पाहिलं. माणूस आत अडकलाय आणि मी प्रयोग करतेय. तिसऱ्या वेळी स्वतःचीच किळस आली आणि मी ते सोडून दिलं.

बोलायला विषय लागतात. मी खुर्च्यांचं विचारलं. भाड्याच्या साठ खुर्च्या, शेजाऱ्याच्या अंगणात. मिठाईचं विचारलं. मुलाच्या काकाचं विचारलं, तो फार बोलतो अशी ख्याती होती.

"तुझ्यापेक्षा कमीच," उत्तर आलं. दीड आकड्यात.

"दोनशे चाळीस," खल्दून म्हणाला. त्याची कुरकुर केव्हाच संपली होती.

"तुम्हाला काय दिसतंय?" मी विचारलं. मला राहवेना.

"कपाटंच. दोन्ही बाजूंना. हिरवे दिवे. केव्हाच बंद पडायला हवी होती इतकी जुनी आहेत काही. हे कार्ड तर मी कधी पाहिलंच नाही." मग ते म्हणाले, "त्या कपाटांचं नको विचारू. दालियाचं विचार."

मी दालियाचं विचारलं. ती सहा वर्षांची असताना काढायची त्या मांजरांना पाच पाय का असायचे, ते विचारलं. ते म्हणाले, पाचवा पाय नव्हे, शेपटी होती, तुला चित्रातलं काही कळत नाही. एकशे ऐंशी. एकशे साठ. माझा घसा खरवडत होता आणि मी रडतही होते, पण बोलणं थांबवलं नाही. त्या चिठ्ठीवरचं दुसरं नाव मी पुसलं होतं. उद्या ते तीन शब्द म्हणायला दुसरं कुणी नव्हतं.

"कॉफी कोण ओतणार?" मी ओरडले.

आणि नवव्या रांगेच्या तोंडातून अबू दालिया बाहेर आले.

हातात केबलचं वेटोळं, कपाळावर घाम. चौतीस फरश्या ओलांडून ते नेहमीसारखे चालत आले, डाव्या गुडघ्याला जपत. मी दाराच्या चौकटीला टेकले आणि गप्प झाले.

"बहिणीचा मुलगा ओतणार," ते म्हणाले. "पाणी आहे का गं? घसा सुकला."

मी बाटली दिली. त्यांनी सगळी प्यायली. कानाशी खल्दून म्हणत होता, "एकशे बारा. मैसून, थांबलीस का? एकशे पंधरा. परत वाढतोय."

"ते आलेत," मी म्हटलं. "बाहेर आलेत."

"मग हे काय आहे? एकशे वीस."

आणि आतून, पंख्यांच्या घोंघाटातून, लहान पण स्पष्ट आवाज आला. "बहिणीचा मुलगा ओतणार. मैसून? गप्प का झालीस?"

७

माझ्या शेजारी उभ्या माणसाने मान थोडी वाकडी करून ते ऐकलं. दचकला नाही. शेजारच्या घरात रडणारं मूल ऐकावं, तसं ऐकलं.

"माझाच आवाज," तो म्हणाला. "राहू दे. दार लाव, थंडी बाहेर येते."

मला त्यांना कितीतरी विचारायचं होतं. पण मला एकच तोंड. ते त्यांच्याकडे वळवलं असतं तर आतला आकडा चढला असता. मी दाराकडे वळले आणि बोलायला लागले: चमचे, रुमाल, गाड्या कुठे उभ्या करायच्या, जे सुचेल ते. मग ते नेहमीप्रमाणे माझ्या डोक्यावर हात ठेवून, "उद्या लवकर ये, केसांचं लक्षात आहे ना," म्हणाले आणि जिना चढून गेले. हात गार होता. पण त्या खोलीतून आलेल्या कुणाचाही हात गारच असतो.

पाच मिनिटांनी खल्दून फोनवर कुजबुजला, "अगं, ते इथे माझ्यासमोर डबा भरतायत. मला सलाम केला. तू कुणाशी बोलतेयस?"

मला ते माहीत असतं तर सांगितलं असतं. तेव्हापासून एकच गोष्ट डोकं पोखरतेय. घरी गेले ते अबू दालिया असतील, तर मी आतून कुणाला जवळ बोलावतेय? आणि आत आहेत ते अबू दालिया असतील तर? दोघांनाही सगळं ठाऊक होतं. दोघांनीही बहिणीचा मुलगाच सांगितला. मी चूक शोधत होते, सतरा वर्षं तेच करतेय, आणि मला दोघांतही एक चूक सापडली नाही.

संध्याकाळी खल्दून खाली आला. त्याने दारात उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जरा झोप. मी बोलतो." तो रात्रभर फुटबॉलवर बोलला.

मी वर जाऊन दोष क्रमांक २१७ पुन्हा ज्ञात यादीत टाकला. तोडग्याची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी परत घातली. त्यांच्यापुढे एक तिसरं लिहिलं: 'एक व्यक्ती बाहेर आली तरी बोलणे थांबवू नये.' लिहिणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव टाकायला गेले आणि हात थांबला. आधीच्याचंही असंच झालं असावं.

८

आज गुरुवार. मी जाहाला गेले नाही. सकाळपासून दाराशी स्टूल टाकून बसले आहे, मांडीवर वही आहे, आतून उत्तर येईपर्यंतच्या मधल्या क्षणांत हे लिहितेय. खल्दूनने माझ्या फोनवर जोडून दिलेला आकडा जसजसा खाली येतोय तसतसा मंदावतोय. सकाळी चौऱ्याऐंशी होता. दुपारी एकाहत्तर. आता एकसष्ट, आणि तासभर एकसष्टच.

खल्दूनला मी जाहाला पाठवलं होतं. कुणीतरी पाहायला हवं होतं. सूर्य मावळायच्या सुमाराला तो परत आला, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेली मिठाई. माझ्याजवळ फरशीवर बसला.

"कसं झालं?" मी वहीवर लिहून विचारलं. तोंड रिकामं नव्हतं.

"छान," तो हळूच म्हणाला. "मुलाचा काका पाऊण तास बोलला. मग ते उठले आणि म्हणाले, घ्या, कॉफी प्या. स्वच्छ आवाजात, एका दमात. सगळ्यांनी कप उचलले. दालिया दाराआडून बघत होती, ती तर रडायलाच लागली." त्याने मिठाईचा कागद उलगडला, परत गुंडाळला. "मी त्यांच्याकडेच बघत होतो सगळा वेळ. मैसून, त्यांचं काहीच चुकलं नाही."

आतून पावलं ऐकू येतात आता. फरशी पोकळ आहे, पाऊल पडलं की ढबढब वाजते. डाव्या पायाचं पाऊल हलकं पडतं.

"मैसून," आवाज आला. दमलेला, पण जवळचा. "इथे वेळेचं काही कळत नाही बघ. खरं सांग हं. गुरुवार आला तर नाही ना?"

खल्दूनने डोळे मिटून घेतले.

"नाही, अबू दालिया," मी म्हटलं. "अजून बुधवारच आहे. चालत राहा."